आरएक्स १३५ मातीत पळवतोय, जेटिंग काही केल्या बसत नाहीये, एकदा पिस्टनही चिकटलाय

माळरान१३५

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

गाडी यामाहा आरएक्स १३५, चार गिअरची, फक्त मातीसाठी ठेवलीय, रस्त्यावर काढत नाही. लाईट-इंडिकेटर काढलेत, मागे नॉबी टायर, एक्सपान्शन चेंबरवाला सायलेन्सर, ऑइल पंप काढून टाकलाय आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो, लिटरला ३३ मिली, म्हणजे ३० ला १. स्टॉक कार्बच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर) जागी मिकुनी व्हीएम२६ घातलाय. साताऱ्याजवळ माळावर आम्ही चौघांनी मिळून छोटा ट्रॅक केलाय, ७०० मीटरच्या आसपास उंची असेल.

आता त्रास असा की थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली बसत नाही, तीन-चार सेकंद रें रें करत वरच राहतं आणि मग हळूहळू उतरतं. कोपऱ्यातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की 'बॉऽऽ' करून दम सोडते आणि मग एकदम झटका मारून पळते. आणि फुल थ्रॉटलला मात्र राव अशी पळते की काय सांगू, आजवर इतकी कधी पळाली नव्हती. तशीच पळत असताना १५ दिवसांपूर्वी चौथ्या गिअरला सरळ पट्ट्यात मागचं चाक एकदम लॉक झालं. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. इंजिन उघडलं तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे.

सिलिंडर रिबोर केलं, म्हणजे थोडं मोठं कोरून घेतलं, पुढच्या साइझचा पिस्टन टाकला. मेकॅनिक म्हणाला पेट्रोल कमी पडतंय, म्हणून त्याने १५० च्या मेन जेटमध्येच (कार्बमधून पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बारीक ड्रिल फिरवलं. पायलट २५ चा ३० केला. सुईची क्लिप तिसऱ्या खाचेतून चौथीत नेली. थोडा फरक पडला पण थ्रॉटल सोडल्यावर लटकणं तसंच आहे. आता फुल थ्रॉटल द्यायची भीती वाटते. काय करू?

घाटवळण

भाऊ, पिस्टन चिकटायच्या आधी गाडी सगळ्यात भारी पळत होती हे तू लिहिलंस ना, तेच लीनचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचं लक्षण. टू-स्ट्रोक लीन होत जाते तशी आधी जास्त तरतरीत लागते, आवाज कोरडा होतो, आपल्याला वाटतं काय ट्यूनिंग बसलंय आणि तेवढ्यात जाम.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लटकणं हेही लीनच. फक्त लीन दोन कारणांनी होते हे लक्षात घे, एक तर पेट्रोल कमी जातंय किंवा नको तिथून हवा जास्त येतेय. तुझ्या मेकॅनिकने पेट्रोल वाढवलं, हवा कुठून येतेय ते बघितलंच नाही.

जुनापाना

मी कोल्हापुरात बरीच वर्षं आरएक्स, शोगन, येझदी उघडतोय. पोरा, आधी तो ड्रिल मारलेला जेट काढून फेकून दे. रागावून सांगत नाही, पण जेटच्या भोकाला आतून घासून गुळगुळीत केलेलं असतं, तोंडाशी नेमका उतार असतो, आणि त्याच्यावर लिहिलेला नंबर त्याच्यातून किती पेट्रोल जातं यावर असतो. ड्रिल फिरवलं की आत कडा उठतात आणि नंबरला काही अर्थ राहत नाही. उद्या तू मला विचारशील काका १५० आहे, पुढचा कुठला घालू, तर मी काय सांगणार? तो १५० उरलाच नाही. तार घालून जेट साफ करणारे पण तेच नुकसान करतात. कार्ब क्लीनर मार, हवेने फुंक, बास.

दुसरं, घाटवळण बरोबर बोलतायत. जेटला हात लावायच्या आधी इंजिन हवाबंद आहे का बघ. टू-स्ट्रोकमध्ये क्रॅंककेस, म्हणजे पिस्टनखालची पेटी, हा पंपच आहे, तिथे सील गेलं की सगळं गणित गेलं. मॅग्नेटच्या बाजूचं, म्हणजे डाव्या हाताचं सील गेलं तर ते बाहेरची कोरडी हवा ओढतं आणि गाडी लीन होते. उजव्या हाताचं, क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल ओढतं, मग धूर पांढरा-निळा जाड येतो आणि गिअर ऑइल कमी होत राहतं. तुझा धूर कसा आहे?

माळरान१३५

काका धूर नॉर्मल आहे. गिअर ऑइल पण कमी झालेलं नाही. म्हणजे डावीकडचं असेल का? पण रिबोरच्या वेळेस इंजिन खाली घेतलं नव्हतं, फक्त वरचं उघडलं होतं. सील किती जुनं आहे मला खरंच माहीत नाही, गाडी घेतली तेव्हापासून तेच असणार.

जुनापाना

मग टेस्ट घे, अंदाजावर मॅग्नेट काढू नकोस. सोपी आहे. बीपी मोजायचं घड्याळवालं मशीन असतं ना, त्याचा हातपंप आणि घड्याळ वापर. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बोल्ट आवळ. कार्ब काढून मॅनिफोल्डच्या (कार्ब इंजिनला जोडणाऱ्या) रबरात लाकडी किंवा रबरी बूच बसव, बुचातून भोक पाडून बीपीची नळी आत घाल. डिकॉम्प्रेसर-बिकॉम्प्रेसर काही असेल तर बंद. प्लग जागेवरच आवळलेला ठेव. पिस्टन एकदम खाली आण म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (खालून वर मिश्रण जायच्या वाटा) उघडे राहतात आणि वरची-खालची हवा एकच होते. आता ३०० पर्यंत काटा चढव. साधारण ६ पीएसआय होतं ते. त्याच्यावर नेऊ नकोस, सीलची ओठ उलटते.

पाचसहा मिनिटं बघत बस. जरा जरा उतरला तर चालतं, मिनिटाला ५० च्या आत. भराभर उतरला तर गळती आहे. मग साबणाचं पाणी ब्रशने मार, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, रीडच्या (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) पेटीची फट, मॅनिफोल्ड रबर, हेड, आणि मॅग्नेटचं कव्हर काढून आत. बुडबुडे स्वतःच सांगतात.

किनाराकिक

रत्नागिरीतून. माझं मॅनिफोल्डचं रबर बाहेरून ठणठणीत होतं, वाकवून बघितलं तेव्हा आतल्या घडीत केसाएवढी चीर. दोन महिने जेट बदलत बसलो होतो. तेव्हा रबर वाकवून बघा, नुसतं वरून नको.

पहिलाचगिअर

माफ करा मध्येच विचारतो, मी नवीन आहे. माझी आरएक्स १०० आहे, स्टॉक, वडिलांची, ९१ ची. ती पण हल्ली गरम झाली की आयडलला वर-खाली करते. हे लीन-रिच नक्की कुठल्या जेटचं काम असतं? सगळे मेन जेट मेन जेट म्हणतात.

घाटवळण

मेन जेटचं नाव मोठं आहे म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. खरं तर कार्बमध्ये थ्रॉटल किती उघडलाय त्याप्रमाणे वेगवेगळे भाग काम करतात. आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. अष्टमांश ते अर्ध्यापर्यंत स्लाइडच्या तळाला जो तिरका काप असतो तो, कट-अवे म्हणतात, नंबर मोठा तेवढा काप मोठा आणि लीन. पाव ते पाऊण सुई, म्हणजे तिची जाडी आणि क्लिपची खाच. पाऊणच्या वर मेन जेट. हे सगळे एकमेकांत थोडे मिसळतात, पण ढोबळ असंच.

म्हणून पहिलं काम जेट बदलायचं नाही, थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी टेप लावायची आणि मूठ ज्यात फिरते त्या हाउसिंगवर चार रेघा मारायच्या, बंद, पाव, अर्धा, फुल. बहुतेक लोक 'अर्ध्या थ्रॉटलला अडकते' म्हणतात तेव्हा मूठ पावच फिरलेली असते. मी स्वतः रेघा मारल्या तेव्हा कळलं की मी ट्रॅकवर बहुतेक वेळ पाव ते पाऊणमध्येच असतो, मेन जेट फक्त एका पट्ट्यात.

क्लिपचा गोंधळ पण होतो. खाच वरून मोजायची. क्लिप खाली सरकवली की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं, म्हणजे रिच, लीनच्या उलट. एअर स्क्रू हा फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन.

तुझ्या स्टॉक १०० ला जेट बदलायची काही गरज नाही मित्रा. पायलट जेट साफ कर, फिल्टरचा फोम बघ, मॅनिफोल्ड आणि सील बघ. ९१ च्या गाडीचं रबर ९१ चंच असू शकतं.

माळरान१३५

मंडळी, टेस्ट केली. शेजारच्या काकूंचं बीपी मशीन आणलं, त्यांना खरं सांगूनच आणलं. ३०० चढवलं आणि काटा डोळ्यादेखत पडत गेला, दहा-बारा सेकंदात २०० च्या खाली. आधी वाटलं माझं बूचच गळतंय, त्याला साबण लावला, नाही. हेड नाही, बूड नाही. मॅग्नेटचं कव्हर काढलं, पुलरने मॅग्नेट काढला, आणि आत प्लेटच्या मागे सीलखालून काळपट तेलकट ओघळ आलेला, त्याच्यावर धूळ चिकटून थर झालेला. साबण मारला तर फेस उकळल्यासारखा वर आला. काका, तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं.

सील काढलं तेव्हा त्याची ओठ टणक झालेली, नखाने दाबली तरी वाकत नव्हती, आणि आतली बारीक स्प्रिंग एका बाजूने निसटलेली. नवीन सील टाकलं, ओठेला ग्रीस लावलं, क्रॅंकवर सील फिरतं तिथे १५०० च्या पॉलिश पेपरने हलकं पुसून घेतलं. परत ३०० चढवलं, सहा मिनिटांत जेमतेम ४० उतरलं.

पण आता गाडी चालेचना! सुरू होते, पाव थ्रॉटलला भरभर भरभर, प्लग दोन फेऱ्यांत काळा ओला. ड्रिलवाला जेट अजून आतच आहे, काका सॉरी, नवीन जेट शहरातून आणायचेत.

जुनापाना

सॉरी कशाला, हे असंच व्हायला पाहिजे होतं. गळती होती तेव्हा तिच्यावर पांघरूण घालायला पेट्रोल वाढवलं होतं. आता गळती गेली, पांघरूण उरलं. याच्यावरून लक्षात ठेव, गळती असलेल्या इंजिनला जेटिंग बसतच नाही, कारण सील गरम झालं की वेगळं गळतं, गार असताना वेगळं, आज बसवलेलं उद्या चुकतं.

आता नव्याने सुरू कर. जेट आणताना मिकुनीचेच आण, मेन १६० ते २०० पर्यंतचे घे, पायलट २२.५, २५, २७.५. कीहिनचे नंबर भोकाच्या व्यासावर असतात, मिकुनीच्या षटकोनी जेटचे पेट्रोल किती वाहतं त्याच्यावर, दोन्हींची मिसळ करू नको. आधी फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) उंची बघ, ती चुकली तर बाकी सगळं चुकतं.

पहिला मेन जेट मुद्दाम मोठा घाल, २००. रिचमध्ये प्लग जाईल, पिस्टन नाही जाणार. प्लगचे शंभर-दीडशे रुपये, रिबोरचे किती गेले तुझे?

रॉकीउंची

कोलोरॅडोमधून लिहितोय, मूळचा नाशिकचा. माझ्याकडे यामाहा वायझेड२५०, कीहिन पीडब्ल्यूके३८ कार्ब. डेन्व्हरच १,६०० मीटरवर आहे आणि आम्ही चढून ३,००० मीटरच्या वर जातो, तिथे हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटच राहते. समुद्रसपाटीला १७८ मेन जेट असेल तर वर मी १६५ घालतो, सुई एक खाच खाली. तसं नाही केलं तर वरती गाडी भरभरत राहते, ताकद तर उंचीने कमी झालेलीच असते. केटीएमने २०१८ च्या एन्ड्युरो गाड्यांना टू-स्ट्रोकमध्ये फ्युएल इंजेक्शन आणलं त्यामागे हे पण एक सुख आहे, उंचीप्रमाणे ते स्वतः सांभाळतं. तरी कार्ब हाताने बसवल्याचं समाधान वेगळं, मी विकणार नाही.

प्रश्न असा की साताऱ्यात ७०० मीटरला एवढा फरक पडतो का?

घाटवळण

उंचीने थोडा पडतो, तापमानाने जास्त पडतो आणि लोक तेच विसरतात. ढोबळ हिशोब असा, हवा १० टक्के पातळ झाली की कार्बमधलं मिश्रण साधारण ५ टक्के रिच होतं, पूर्ण १० नाही, कारण पेट्रोल ओढणारा दाबही कमी होतो. साताऱ्याहून महाबळेश्वरला गेलात, ६०० मीटर वर, तर हवा ६ टक्के पातळ, मिश्रण ३ टक्के रिच. १७० च्या जेटला ते ५ झालं, म्हणजे एकच नंबर. (रॉकी, तुमचा कीहिन व्यासावर आहे, म्हणून नंबरातला फरक टक्केवारीच्या निम्माच दिसतो, १७८ वरून १६५ अगदी बरोबर बसतं.)

आता तापमान बघा. दुपारी ३८ अंशाला ट्यूनिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे १२ अंशाला पळवली, तर हवा ९ टक्के दाट, मिश्रण साडेचार टक्के लीन. महाबळेश्वरहून खाली यायच्या दीडपट फरक, तो पण गाडी जागची न हलवता! हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या फेरीला पिस्टन चिकटतात त्यात गार इंजिन तापवल्याशिवाय फुल देणं हे एक आणि हे दुसरं.

किनाराकिक

आणि ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? आमच्याकडे पंपावर आता तेच मिळतं. माझी गाडी तीच, जेट तेच, पण ई२० आल्यापासून प्लग पांढरट दिसतो.

घाटवळण

दिसणारच. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, मिसळ केली की २० टक्क्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. ई१० वरून ई२० ला ४ टक्के लीन, म्हणजे मिकुनीत पुन्हा एखादा नंबर वर. पूर्वी शुद्ध पेट्रोलवर ज्यांनी काठावर जेटिंग केलं होतं त्यांना ८ टक्क्यांचा फरक आहे, त्यांनी तपासलंच पाहिजे, हे मी कळकळीने सांगतो कारण जुन्या टू-स्ट्रोकला स्वतः सांभाळून घेणारं काही नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, आपणच आहोत.

एक अजून, ज्यांनी पंप काढून ऑइल मिसळलंय त्यांच्यासाठी. ऑइल वाढवलं की जेटमधून जाणाऱ्या त्याच थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणजे जास्त ऑइल घालून गाडी लीन होते. बरेच जण भीतीने ऑइल वाढवतात आणि जेट तोच ठेवतात. प्रमाण आधी ठरवा, मग जेट.

किनाराकिक

हे माहीत नव्हतं. आणि कोकणातल्यांनी मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं आणि तळाला वेगळा थर बसतो. मी बाटलीत ठेवून बघितलं, स्पष्ट दिसतो. तो तळाचा घोट इंजिनात गेला की त्यात ऑइल जवळपास नसतंच.

माळरान१३५

चार रविवार झाले, आता सांगायला आलो.

टेप लावली, रेघा मारल्या. फ्लोट एका बाजूने तिरका होता, सरळ केला. आधी पायलट, काकांनी फोनवर सांगितलं तसं, इंजिन नीट तापवून आयडल थोडं वर ठेवायचं आणि एअर स्क्रू हळूहळू बाहेर काढत जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे थांबायचं. ३० च्या पायलटला स्क्रू तीन वेढे बाहेर आला तरी वर चढतच होता, म्हणजे पायलट मोठा. २५ घातला, दीड वेढ्याला बसला. थ्रॉटल सोडला की आरपीएम टपकन खाली, लटकणं गेलं. त्या एका आवाजासाठी मी दोन महिने तळमळत होतो.

मग मेन. २०० ला सरळ पट्ट्यात भरभर, चारचाकी जीप चढावर ओढत नाही तसा आवाज. १९० तेच. १८० ला शेवटच्या टोकाला थोडंसं भरभरतं. १७० ला एकदम स्वच्छ, आणि इथे मोह होतो अजून खाली जायचा, कारण १६५ ला ती तशीच तरतरीत लागेल जशी चिकटायच्या आधी लागली होती. नाही गेलो. १७५ वर थांबलो. नवीन प्लग लावून तिसऱ्या गिअरला फुल पळवली, फुल थ्रॉटलमध्येच किल स्विच आणि क्लच एकदम, ढकलत आणली. प्लगची पांढरी चिनी माती आत तळाशी बघितली बॅटरी मारून, चहाच्या रंगाची बारीक कडा. वरचं टोक पांढरटच आहे, पण काका म्हणाले टोक बघायचं नाही, तळ बघायचा.

सुई शेवटी. चौथ्या खाचेत पाव ते अर्ध्यात जड होती, तिसऱ्यात आणली. चिंचेच्या झाडाजवळच्या कोपऱ्यातून बाहेर पडताना आता उघडला की उचलते, बॉऽऽ नाही, झटका नाही.

दोन जणांना ट्रॅकवर विचारायची सवय लागलीय, तुझा नंबर काय. १७५, २५, तिसरी खाच हे माझ्या गाडीचं आहे, दुपारचं, ई२० चं, ३० ला १ चं. तसंच उचलून घालू नका.

जुनापाना

छान केलंस पोरा. हेड उतरवशील तेव्हा पिस्टनचा माथा बघ. ट्रान्सफर पोर्टसमोर स्वच्छ धुतल्यासारखे डाग असतात, ते नखाएवढे असले तर बरोबर, सगळा माथाच स्वच्छ असेल तर अजून रिच, आणि एकही डाग नसेल तर मला लगेच फोन कर.

आणि प्लग. एनजीकेमध्ये नंबर मोठा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलटं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा दिला तर नंबर बघून घे.

पहिलाचगिअर

मी पण बीपी मशीन लावलं! मॅनिफोल्डचं रबर गळत होतं. बदललं, आयडल दगडासारखं स्थिर. जेटला हातच लावला नाही. वडील बाहेर येऊन दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले.

एक शंका, घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडली तर चालते का?

जुनापाना

तुझ्या १०० ला ऑइल पंप आहे, आरपीएमवर थोडं ऑइल जातच राहतं, तरी लांब उतारावर ताणू नकोस. ज्यांनी पंप काढलाय त्यांनी मात्र अजिबात नाही. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन तर जोरात फिरतंय. मध्ये मध्ये क्लच दाबून थ्रॉटलचा एक हलका झटका द्यायचा.

माळरान१३५

आज सकाळी ट्रॅकवर १३ अंश होतं. जॅकेटच्या खिशात १८० चा जेट ठेवला होता, गेल्या गेल्या तोच घातला. सिलिंडरवर तळहात टेकवता येईना इतपत तापवली, मगच पट्ट्यात सोडली. दहा वाजता ऊन चढलं तशी टोकाला भरभरायला लागली, तेव्हा परत १७५.